न उघडणारी फाइल

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या टापूतल्या एका महाविद्यालयात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर गेलो होतो. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. त्याने काही फरकही पडत नाही. मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. राहतो आखाडा बाळापुरात, आणि ज्या वर्षी जिथे नेमणूक मिळेल तिथे मोटारसायकलने जातो. त्या दिवशीचा तास 'आयसीटी'चा होता. म्हणजे प्रोजेक्टर लावायचा, पडद्यावर पीपीटी दाखवायची आणि कुणीतरी मागच्या बाकावरून अक्षांश-रेखांश उमटणारा फोटो काढायचा. पीपीटी माझी नव्हती. विभागात वर्षानुवर्षं एका पेनड्राइव्हमधून दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये फिरत आलेली ती होती. विषय : संत नामदेव, जीवन व काव्य.

फाइल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरं, डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं आणि मधेमधे रिकामे चौकोन. ज्या फॉन्टमध्ये ती टंकली होती तो फॉन्ट त्या संगणकावर नव्हता. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, हे कोनत्या भाषेत हाय?" मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात फोटो काढणारा मागून म्हणाला, "सर, हलू नका."

फोटो छान आला. फाइलीत लागला. नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात आहे. वर्गातल्या निम्म्या मुलांनी तिथली यात्रा पाहिलेली. त्यांच्यासमोर नामदेव चौकोनांच्या रूपात उभे राहिले.

हा फजितीचा किस्सा म्हणून मी बऱ्याच ठिकाणी सांगितला आहे आणि त्यावर हशाही मिळवला आहे. पण खरी पंचाईत त्यानंतर झाली. त्या रात्री घरी बसून मी ती पीपीटी युनिकोडमध्ये करून घेतली, आणि ती वाचता येऊ लागली.

बावीस स्लाइड होत्या. जन्म, बालपण, गुरू, तीर्थयात्रा, समाधी. मग 'काव्याची वैशिष्ट्ये' : भक्तिरस, साधी-सोपी भाषा, नादमाधुर्य, सामाजिक आशय, लोकप्रबोधन. मग 'प्रतिमासृष्टी', मग 'योगदान', मग 'समारोप', शेवटी हात जोडलेलं चित्र आणि 'धन्यवाद'. बावीस स्लाइडमध्ये नामदेवांची एकही ओळ नव्हती. एकही. गंमत म्हणून मी नामदेवांचं नाव काढून तिथे तुकारामांचं घातलं, गुरूची आणि गावाची स्लाइड बदलली आणि एका सहकारी मित्राला दाखवली. तो म्हणाला, "चांगली केलीस, मला पाठव." मी पाठवली नाही, पण पाठवली असती तर आज ती चार जिल्ह्यांत पोचली असती.

एखाद्या कवितासंग्रहाची समीक्षा करावी तशी या पीपीटीची समीक्षा करायला हवी असं मला तेव्हापासून वाटतंय. कारण मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पदवी घेणाऱ्या मुलांपर्यंत मराठी साहित्याविषयी जे लेखन सर्वाधिक पोचतं, ते ना सत्यकथेत आलेलं असतं ना एखाद्या विद्यापीठीय नियतकालिकात. ते पीपीटीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पीडीएफमध्ये असतं. आमच्या काळातला तो सर्वाधिक वाचला जाणारा समीक्षाप्रकार आहे, आणि त्याच्याकडे समीक्षक ढुंकून पाहत नाहीत.

या प्रकाराचं व्याकरण साधं आहे. वाक्य नसतं, मुद्दा असतो. मुद्द्याला क्रियापद नसतं. 'ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण.' कुणी केलं, कसं केलं, जमलं का, कुठे फसलं, हे विचारायची सोयच नाही, कारण विचारायला वाक्यच नाही. 'पण' आणि 'तरीही' हे शब्द पीपीटीत सापडत नाहीत. समीक्षेचा अर्धा प्राण या दोन शब्दांत असतो असं मी मानतो. एक कादंबरी आवडली, पण शेवट पटला नाही. हे गोल ठिपक्यांच्या यादीत लिहून दाखवा बरं.

इथे थांबून एक कबुली द्यायला हवी. हा दोष प्रोजेक्टरचा नाही. मी स्वतः ज्या काळात शिकलो तेव्हा प्रोजेक्टर नव्हता. 'लिहून घ्या' होतं. सर खुर्चीत बसून पिवळ्या पडलेल्या वहीतून सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. परीक्षेच्या आधी गाइड येई. त्यातही हीच पाच वैशिष्ट्यं, हाच क्रम. पीपीटीने नवं काही केलं नाही, त्या वहीला वीजजोडणी दिली. वही निदान सरांच्या हस्ताक्षरात असे, आणि सांगता सांगता ते कधी भरकटत. एकदा अभंग सांगता सांगता आमच्या सरांना त्यांच्या आजीचं काहीतरी आठवलं आणि ते पंधरा मिनिटं त्यावरच बोलले. तो एकच तास मला आजही आठवतो. स्लाइडला भरकटता येत नाही. पुढची स्लाइड वाट पाहत असते.

आता जरा सरकारी बाजू. उच्च शिक्षणात तंत्रज्ञान आणण्याचा आपला इतिहास चाळीस वर्षांचा आहे. 15 ऑगस्ट 1984 पासून दूरदर्शनवर विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू झाला. तो प्रामुख्याने इंग्रजीत होता. 2004 मध्ये शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह गेला. 2009 मध्ये माहिती-संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचं राष्ट्रीय मिशन आलं, 2017 मध्ये 'स्वयम्'. स्वयम्‌वरचे अभ्यासक्रम करून मिळणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा आधी 20 टक्के होती, 2021 च्या नियमांनी ती 40 टक्क्यांपर्यंत गेली. कागदावर याचा अर्थ असा, की बाळापूरच्या मुलीला आपल्या पदवीचा बराच भाग देशातल्या उत्तम प्राध्यापकांकडून घरबसल्या शिकता येईल. त्यातले बहुतांश अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत हा त्या कागदावरचा बारीक मजकूर.

आणि मग नॅक. मूल्यांकनाच्या निकषांत शिक्षक आयसीटी साधनं वापरतात का, किती वर्गखोल्यांत तशी सोय आहे, हे विचारलं जातं. विचारणं गैर नाही. पण जे मोजलं जातं तेच केलं जातं, हे आपल्याकडे तलाठ्याच्या पीकपाहणीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. वर्गात प्रोजेक्टर आहे का, हे मोजता येतं. प्रोजेक्टरवर नामदेवांची ओळ होती का, हे मोजता येत नाही. म्हणून फोटो.

हे सगळं लिहिणारा माणूस तंत्रज्ञानाच्या विरोधात असेल असं कुणाला वाटेल. तसं नाही, आणि त्याला कारण 2020 चा उन्हाळा.

टाळेबंदी लागली तेव्हा आमच्याकडे हळदीचे दिवस होते. हिंगोली जिल्ह्यात हळद हे फार मोठं पीक. फेब्रुवारीपासून काढणी, मग शिजवणं, वाळवणं, ढोलात घालून घासणं, हे एप्रिल-मेपर्यंत चालतं. मुलं-मुली घरी होती म्हणजे हळदीत होती. ऑनलाइन तास घ्या असा निरोप आला. मी घेतला. साठ जणांच्या वर्गातून सात जण आले. त्यातल्या तिघांचा आवाज आला नाही आणि एकाच्या मागे कुकरची वाफ सुटल्याचा आवाज इतका मोठा, की माझाच आवाज कुणाला येईना. घरटी एक स्मार्टफोन, तोही बापाच्या किंवा थोरल्या भावाच्या खिशात. दिवसाला एक-दीड जीबी डेटा. तांड्यावरच्या मुलांना रेंजसाठी माळावर जावं लागायचं.

तिसऱ्या दिवशी मी तास बंद केला आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर आवाजाचे संदेश टाकायला लागलो. सात-आठ मिनिटांचा एक. पहिलं काय वाचलं, तर भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल'. तीन भागांत, आधी काहीही न सांगता, नुसती मोठ्याने वाचली. काहींनी ती शाळेतही वाचलेली होती. ना 'आशय', ना 'अभिव्यक्ती'. टोमॅटोला भाव मिळत नाही म्हणून बाजारात बापाने केलेला तो प्रकार. ज्यांनी ती वाचली आहे त्यांना सांगायला नको. वाचली नसेल तर सांगून उपयोग नाही.

संदेश ऐकायला वेळ ठरलेला नव्हता. हळद पसरताना, रात्री राखणीला, फोन मोकळा असेल तेव्हा. आठवड्याभराने उत्तरं यायला लागली, तीही आवाजात, कारण टंकायचा कंटाळा. एकाने सांगितलं की हे घरात सगळ्यांनी ऐकलं आणि बाप मध्येच उठून बाहेर गेला. एका मुलीने जे विचारलं ते मला कुठल्याही गाइडमध्ये सापडलं नव्हतं : गोष्ट पोरगा सांगतोय म्हणून आपल्याला बापाचं कळतं, मायने सांगितली असती तर कशी झाली असती? मग चार-पाच जणांनी मायची गोष्ट सांगून पाहिली. एकीने सांगता सांगता मधे थांबून हळदीचा त्या आठवड्याचा भाव सांगितला. तिला तो विषयांतर वाटला नाही, मलाही नाही.

त्या वर्षीचा तो वर्ग हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला वर्ग. त्याचा एकही फोटो नाही, म्हणून तो कुठल्याच फाइलीत नाही. ऑक्टोबरात अंतिम वर्षाच्या परीक्षा पर्यायी प्रश्नांच्या झाल्या. साहित्याच्या पेपरात चार पर्यायांतून एक योग्य. 'मायने सांगितली असती तर' याला पर्याय नव्हता.

म्हणजे यंत्र तेच, फोनच. फरक कशाने पडला याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, स्लाइड मजकुराच्या जागी येऊन बसते आणि आवाजाचा तो संदेश मजकूरच घेऊन येतो. शब्दकोशांचंही असंच. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश जालावर खुले केले आहेत. त्यात मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आहे. यातला एकही कोश बाळापुरात मला कधी कुणाच्या कपाटात दिसला नाही. आज तिन्ही खिशात आहेत. मी मुलांना एक खेळ देतो : घरातला असा शब्द आणा जो पुस्तकात नसेल असं तुम्हाला वाटतं, आणि मग शोधा. एकाने 'इर्जिक' आणला. शेजाऱ्यांनी आपापले बैल-औतं घेऊन एकाच्या रानात कामाला जायचं, त्याचा तो शब्द. पहिल्यांदा सापडला नाही. ऱ्हस्व-दीर्घ बदलून, 'र' मोकळा करून, तीन-चार प्रकारांनी लिहिल्यावर निघाला. मुलगा म्हणाला, "सर, आमच्या आज्याचा शब्द इंग्रजाला म्हाईत होता." मग मोल्सवर्थ कोण, त्याला हा शब्द कुणी सांगितला असेल, सांगणाऱ्याचं नाव कोशात आहे का, अशी चर्चा तासभर चालली. यासाठी प्रोजेक्टर लागला नव्हता.

मोठा नमुना पाहायचा असेल तर जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प पाहावा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसह अनेक वर्षं गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या 2017 पासून 'परी'च्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत, मजकूर, अनुवाद, आणि कितीतरी ठिकाणी ध्वनिमुद्रणासह. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या तिथे त्यांच्याच आवाजात ऐकता येतात. गाणारीचं नाव, गाव, तारीख, सगळं सोबत. लोकसाहित्याचा पेपर शिकवताना मी 'ओवीची वैशिष्ट्ये' सांगणं सोडून दिलं आहे. एक ओवी लावतो. मुलं आधी हसतात, कारण आवाज आजीसारखा आहे. मग गप्प होतात. मग कुणीतरी सांगतं की घरी आजीला पण येतात. उच्च शिक्षणात तंत्रज्ञान वापरणं म्हणजे काय, याचं एवढं स्वच्छ उदाहरण मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते कुठल्याही शैक्षणिक योजनेतून आलेलं नाही.

अलीकडचं एक. गेल्या वर्षी 'लाल चिखल'वर स्वाध्याय दिला. अकरा जणांचे स्वाध्याय एकाच वळणाचे आले. मोबाईलमधल्या कुठल्याशा यंत्राला विचारून लिहिलेले. त्यात म्हटलं होतं की ही कथा कामगारांच्या रक्तरंजित लढ्याचं प्रतीक आहे. शीर्षकावरून केलेला अंदाज, दुसरं काय. शुद्धलेखन मात्र आमच्या विभागातल्या कुणाहीपेक्षा चांगलं. मी रागावणार होतो. मग ती बावीस स्लाइडची पीपीटी आठवली. आपणच मुलांना वीस-पंचवीस वर्षं शिकवलं की कथा न वाचता तिची वैशिष्ट्यं लिहिता येतात. यंत्र ते अधिक सफाईने करतं, इतकंच. मी स्वाध्याय परत केले आणि सांगितलं, बापाने टोमॅटोचं काय केलं तेवढं एका वाक्यात लिहून आणा. सहा जणांनी आणलं. पाच जण पुढच्या तासाला आले नाहीत.

आता माझं स्वतःचं. इतरांच्या फाइलींना नावं ठेवून झाली.

2007 मध्ये मी एम.फिल. केलं. विषय होता कळमनुरी तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या. तेव्हा वर सांगितलेला प्रकल्प मला नीट ठाऊकही नव्हता. सायकलवर फिरून, वहीत उतरवून चारशे बारा ओव्या जमवल्या. टेपरेकॉर्डर उसना आणला होता, पण कॅसेटी परत करताना पुसून द्याव्या लागल्या. प्रबंध टंकला तो नांदेडच्या एका टंकलेखन केंद्रात, त्या काळच्या चालू फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांचं तंत्र असं : संगणकाच्या दृष्टीने तुम्ही रोमन अक्षरंच टंकत असता, फक्त फॉन्ट त्या खुणांच्या जागी देवनागरी आकार काढतो. छापलं की मराठी, फॉन्ट काढला की कचरा. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, विंडोज 2000 पासून ती संगणकावर नीट चालते; तरी आमची टंकलेखन केंद्रं, छापखाने आणि विद्यापीठांचे परिसर त्यानंतर कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांतच राहिले.

2009 च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध डिजिटल रूपात देणं सक्तीचं झालं आणि 'शोधगंगा' भरू लागली. मोठं काम आहे ते. नांदेड-औरंगाबादचे प्रबंध आज गावात बसून पाहता येतात. पण मराठीतले किती तरी प्रबंध जुन्या फॉन्टात टंकून किंवा पानांची छायाचित्रं काढून चढवलेले. डोळ्यांना मराठी दिसतं, शोधणाऱ्या यंत्राला तिथे मराठी नाहीच. 'इर्जिक' शोधलं तर एकही प्रबंध हात वर करत नाही, मग आत तो शब्द दहादा आलेला का असेना. इंग्रजी प्रबंधातलं वाक्य क्षणात सापडतं, मराठीतल्या प्रबंधाचं फक्त शीर्षक सापडतं. पीपीटीतले चौकोन निदान दिसतात तरी. हे चौकोन दिसतसुद्धा नाहीत.

माझा प्रबंध तर तिथेही नाही. एक छापील प्रत माळ्यावर, आणि एका सीडीवर ती फाइल. ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकी आता मोजक्याच उरल्या असतील. गेल्या दिवाळीत त्यातल्या एकीची नात आली. माझीच जुनी विद्यार्थिनी, आता नेट देते आहे. आजीच्या ओव्या पाहिजेत म्हणाली. "सर, फोनवर पाठवा ना." मी हो म्हणालो आणि मग आठवलं.

सीडी वाचणारं यंत्र शोधायलाच आठवडा गेला. शेवटी बाळापुरात रस्त्यावरच्या एका झेरॉक्सवाल्याकडे जुना संगणक निघाला. फाइल उघडली : डॉलर, टक्के, चौकोन. जालावरचं एक फॉन्ट बदलून देणारं साधन वापरलं. सत्तर-ऐंशी टक्के आलं. पण जोडाक्षरं विस्कटली, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. 'ऱ्या' तर सगळीकडे फुटला. आणि ओव्यांत 'बाऱ्या', 'दऱ्या', 'सोयऱ्या' किती येतात हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय वाईट म्हणजे, जिथे मी बोलीतला उच्चार मुद्दाम ठेवला होता तिथे ती चूक कुणाची हे कळेना. यंत्राची, टंकणाऱ्याची की आजीची? म्हणजे कुठलीच चूक नाही, आजी तशीच म्हणाली होती, असंही असेल.

त्यामुळे आता दर रविवारी ती छापील प्रत घेऊन येते. मी पडद्यासमोर बसतो. ती मोठ्याने वाचते, मी दुरुस्त करतो. अडलं की तिच्या आईला फोन लावतो. तिला ओवी चालीवर म्हणायला सांगतो, मग कुठे मात्रा आहे ते कळतं. मागच्या रविवारी आईने एक ओवी म्हणताना पुढची म्हटली, जी माझ्या प्रबंधात नव्हतीच. नातीने ती फोनवर मुद्रित करून घेतली. तिला क्रमांक काय द्यायचा यावर आमचा वाद झाला. मी चारशे तेरा म्हणत होतो, ती म्हणाली, आजीच्याच ओवीखाली घाला. घातली. आत्ता आम्ही एकशे चौदाव्या पानावर आहोत.